लिनक्सवरील पॅकेज-अवलंबित्वाच्या त्रुटी : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना

मुक्त सॉफ्टवेअरची चर्चा बहुधा त्याच्या मोफत उपलब्धतेपाशी थांबते. प्रत्यक्ष सर्व्हर उभारताना मात्र प्रशासकाची पहिली गाठ पडते ती अवलंबित्वाच्या त्रुटीशी. लिनक्सवरील पॅकेज क्वचितच स्वयंपूर्ण असते. ते इतर पॅकेजांतील सामायिक लायब्ररींवर विसंबून असते. ग्रंथालयांत वापरल्या जाणाऱ्या कोहा प्रणालीचे डेबियन पॅकेजही पर्ल भाषेच्या अनेक मॉड्यूल्सवाचून बसत नाही. अशी गरज भागली नाही की स्थापना थांबते. या त्रुटीकडे केवळ दूर सारावयाचा अडथळा म्हणून पाहणे अपुरेच नव्हे तर घातकही आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सामायिकतेचे मोल

सामायिक लायब्ररीचे तत्त्व काटकसरीचे आणि सुरक्षिततेचेही आहे. ओपनएसएसएलमधील दोष एकदा दुरुस्त झाला की तिच्यावर विसंबणाऱ्या सर्व सेवांना त्याचा लाभ मिळतो. मात्र त्यासाठी सर्व पॅकेजांचे लायब्ररीच्या आवृत्तीविषयी एकमत असावे लागते. डेबियनने 1999 मध्ये 2.1 या आवृत्तीसोबत ॲप्ट हे साधन दिले आणि अवलंबित पॅकेजे शोधून आणण्याचे श्रम वाचले. तथापि जी आवृत्ती भांडारातच नाही, ती कोणतेही साधन आणू शकत नाही.

एक उदाहरण

एप्रिल 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उबुंटू 22.04 मध्ये ओपनएसएसएल 3 स्वीकारण्यात आले व लिबएसएसएल 1.1 हे पॅकेज वगळण्यात आले. उबुंटू 20.04 साठी बांधलेले मोंगोडीबी 5.0 मात्र त्याच जुन्या लायब्ररीची अट घालत होते. परिणामी स्थापना अडली. पडद्यावरील शेवटच्या ओळीत 'तुम्ही मोडकी पॅकेजे अडवून ठेवली आहेत' अशा आशयाचा ठपका येई. वस्तुतः प्रशासकाने काहीही अडवलेले नसे. खरे कारण त्याच्या वरच्या ओळींत, अनुपलब्ध लायब्ररीच्या नावासह नोंदलेले असे. साधनाच्या भाषेतील हा दोष गंभीर आहे, कारण नवखा वाचक शेवटची ओळच प्रमाण मानतो.

यावर रूढ झालेला उपाय म्हणजे 20.04 च्या भांडारातून जुनी लायब्ररी उतरवून ती बसवणे. सेवा सुरू होते, परंतु 22.04 च्या सुरक्षा-अद्ययावतीकरणाच्या कक्षेबाहेरची लायब्ररी सर्व्हरवर राहते. ओपनएसएसएल 1.1.1 चा सार्वजनिक आधारही सप्टेंबर 2023 मध्ये संपला. त्रुटी दिसेनाशी झाली, धोका मात्र कायम राहिला. याउलट, मोंगोडीबीने 6.0.4 पासून 22.04 साठी स्वतंत्र पॅकेज दिले. तोवर सर्व्हर 20.04 वर ठेवणे हा कमी आकर्षक, पण सुसंगत मार्ग होता.

2013 मध्ये आलेल्या डॉकरमुळे हा प्रश्न मिटला, असे म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. कंटेनरमध्ये लायब्ररी सोबतच बांधलेली असल्याने संघर्ष टळतो; पण ती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी वितरणाकडून प्रतिमा बांधणाऱ्याकडे सरकते.

निष्कर्ष

अवलंबित्वाची त्रुटी म्हणजे वितरणाचे संपादक आणि सॉफ्टवेअरचे निर्माते यांच्या वचनांतील विसंगतीची नोंद होय. म्हणून ती आधी वाचली पाहिजे : कोणत्या पॅकेजाने कोणती आवृत्ती मागितली, 'ॲप्ट-कॅश पॉलिसी' या आज्ञेनुसार कोणती उपलब्ध आहे, आणि जोडलेले भांडार आपल्याच वितरण-आवृत्तीचे आहे काय. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून सक्तीची आज्ञा देणे म्हणजे इशारा पुसून टाकणे होय. विद्यार्थ्यांची व वाचकांची माहिती सांभाळणाऱ्या संस्थांच्या सर्व्हरबाबत असा उतावीळपणा परवडणारा नाही.