जाऊ द्या ना, साहेब!

आमच्या घरी वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरते. अध्यक्ष मी, सभासद दोन, म्हणजे सौ. आणि चिरंजीव. विषय एकच : 'जाने भी दो यारो' पुन्हा एकदा पाहणे. ठराव मी मांडतो, सौ. विरोध नोंदवते आणि ठराव बहुमताने मंजूर होतो. विरोधाचं कारणही दरवर्षी तेच. "अहो, बावळट सिनेमा आहे! सगळी माणसं एका प्रेतामागे धावताहेत आणि तुम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसताय!"

हिचं म्हणणं खोटं नाही. सिनेमा बावळट आहे आणि वर गरीबही आहे. कुंदन शाह यांचा हा १९८३ सालचा पहिला चित्रपट राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशातून, सात लाखांच्या आत झाला. कारकुनाच्या नजरेला त्यातली काटकसर पावलोपावली दिसते. नायकांची नावं विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा. म्हणजे पडद्यामागे राबणाऱ्या दोघांचीच नावं त्यांना चिकटवली, बारशाचाही खर्च वाचला. नायक फोटोग्राफर, म्हणून नसीरुद्दीन शाह यांनी घरचाच कॅमेरा आणला. निर्मितीचा कारभार सांभाळणारे विधु विनोद चोप्रा वेळेला दुःशासन होऊन उभे राहिले. आमच्याकडे शिपाई रजेवर गेला की व्हाउचरं मीच शिवतो, त्यामुळे हा प्रकार मला अगदी घरचा वाटतो.

यात सर्वांत मोठं काम प्रेताचं आहे. सतीश शाह यांचा कमिशनर डिमेलो जिवंतपणी हिंडला नसेल इतका मेल्यावर हिंडतो. त्याची शवपेटी रस्त्यावर येते, तर दारू चढलेला बिल्डर आहुजा, म्हणजे ओम पुरी, तिला बंद पडलेली मोटार समजतो आणि मोठ्या माणुसकीने आपल्या गाडीला बांधून ओढत नेतो. शेवटी हे प्रेत महाभारताच्या नाटकात द्रौपदी होऊन उभं राहतं. तिच्या रक्षणाला भीम येतो तो काळा चष्मा लावून, आणि द्रौपदीत आपण सगळेच शेअरहोल्डर असल्याचं बजावतो. मी बी.कॉम. झालो त्या तीन वर्षांत भागीदारीचा कायदा मला इतका स्वच्छ कुणी समजावून सांगितला नव्हता.

टीकाकार म्हणून दोषही सांगायला हवेत. मधला भाग सैल आहे. काही विनोद मुक्कामाचं गाव येऊन गेलं तरी गाडीतून उतरत नाहीत. प्रदर्शित झाला तेव्हा थिएटरं काही ओसंडून वाहिली नाहीत. मध्यमवर्गाच्या घरात तो शिरला तो दूरदर्शनच्या दारातून. मीही तिथेच प्रथम पाहिला. मग एवढा टिकला कसा?

मला वाटतं, याचं उत्तर आमच्या सस्पेन्स खात्यात आहे. संध्याकाळी हिशेब जुळला नाही की तो फरक आम्ही त्या खात्यात टाकतो आणि लोकल गाठतो. मध्यमवर्गी माणूसही हेच करतो. पूल पडला, फाईल हलली नाही, कुणाचा तरी बंगला झाला. जे जुळत नाही ते तो हसण्यावारी नेतो. हसू हे आपलं सस्पेन्स खातं आहे. बहुतेक विनोदी चित्रपट त्यात भर घालून घरी पाठवतात. हा एकच असा, की दोन तास मनसोक्त भर घालू देतो आणि शेवटच्या मिनिटाला सगळी बाकी टेबलावर काढून ठेवतो.

कारण दोघा फोटोग्राफरांजवळ खुनाचा पुरावा असतो. पण तरनेजा, आहुजा, नवा कमिशनर आणि 'खबरदार'ची संपादिका (आपल्या फुलराणी भक्ती बर्वे, किती गोड हसत दगा देतात!) यांचं आपसात जुळतं आणि कोसळलेल्या पुलाचं खापर फुटतं ते या दोघांवर. कैद्यांच्या कपड्यांत चालता चालता ते आपल्याकडे वळतात आणि गळ्यावरून हात फिरवतात. आपलं हसू तिथल्या तिथे थिजतं.

माझं थिजण्याला आणखी एक कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत, एका शाखेत, कर्जाच्या दोन फायली माझ्या हाती आल्या. कर्जदार दोन, पत्ते दोन. पण दोन्हींना जोडलेला गोदामाचा फोटो एकच! दारातलं कुत्रंसुद्धा तेच. मी धावत वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ द्या ना. चहा घेणार?" मी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ते कुत्रं मी इतकं रंगवून सांगितलं, की लोक पोट धरून हसले. माझी विनोदी लेखक म्हणून ख्याती त्या दिवशी सुरू झाली. फायली कुठे गेल्या ते मी विचारलं नाही.

परवाच्या सभेत चिरंजीव पहिल्यांदाच शेवटपर्यंत जागा राहिला. भीमाला तो इतका हसला, की खुर्चीवरून पडला. शेवट झाल्यावर मात्र जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, फोटो तर यांच्याकडेच होता ना? मग यांनाच का पकडलं?"

"जाऊ दे रे," हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि त्याला त्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. या वेळी न रंगवता, चहासकट.

तो हसला नाही. सौ. मात्र म्हणाली, "पुढच्या वर्षी माझा विरोध नाही."