विकत घेतलेल्या पुस्तकाचे कुलूप

पालीत आमच्या आळीत एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, पण वाचनाचे वेड गेले नाही. मुलीने त्यांना बोलणारा मोबाइल घेऊन दिला. तो त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो, नातवाचे निरोप वाचून दाखवतो, विजेचे बिलसुद्धा वाचतो. गेल्या वर्षी मुलीने एका ॲपवरून त्यांच्यासाठी दहा मराठी ई-पुस्तके विकत घेतली. ती उघडली की मोबाइल मुका होतो. पानातील मजकूर दुसऱ्या कशाच्याही हाती लागू नये, असे कुलूप त्या पुस्तकांना आहे. मी कंपनीला पत्र लिहिले. ‘सुरक्षेच्या कारणास्तव ही सोय देता येत नाही,’ असे दोन ओळींचे उत्तर आले. ते वाचून दाखवल्यावर गुरुजी म्हणाले, “अरे, पैसे मोजलेत ना? मग पुस्तक माझं की त्यांचं?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी कॉपीराइटच्या, म्हणजे प्रताधिकाराच्या कायद्यापर्यंत पोहोचलो. मी वकील नाही. जुनी कागदपत्रे शब्द न् शब्द लावून वाचायची सवय आहे, तसाच हा कायदा वाचला.

आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात ६५ अ हे कलम आले. हक्कांच्या संरक्षणासाठी बसवलेले परिणामकारक तांत्रिक कुलूप जो कोणी त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तोडील, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असे ते सांगते. यातला कळीचा शब्द ‘हेतू’ हा आहे. नुसते कुलूप काढणे हा गुन्हा नव्हे, चोरीसाठी काढणे हा गुन्हा. पुढचे पोटकलम तर स्पष्टच म्हणते की, कायद्याने उघडपणे मना न केलेल्या कारणासाठी कोणी असे केले तर त्याला आडकाठी नाही.

हे किती मोलाचे आहे, ते अमेरिकेकडे पाहिल्यावर कळते. तिथल्या १९९८ च्या कायद्यात प्रवेश रोखणारे कुलूप तोडणे हीच मुळात मनाई, हेतू कोणताही असो. त्यातून सुटका हवी तर दर तीन वर्षांनी सवलत मागायची. स्वतःचा मोबाइल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर चालवण्यासाठी तो खुला करण्याची मुभा २००६ मध्ये मिळाली आणि २०१२ च्या फेरीनंतर नव्या मोबाइलांपुरती ती गेली. मग एक लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि २०१४ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करून ती परत द्यावी लागली. हातातले यंत्र आपल्याला हवे तसे वापरायला एवढी यातायात!

आपल्याकडेही मोबाइलच्या कुलुपाचा वाद होऊन गेला आहे. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून मोबाइल देण्याची योजना आणली, ती अनेकांना आठवत असेल. तो मोबाइल त्याच कंपनीच्या सेवेला बांधलेला असे. हे बंधन काढून ग्राहक आपल्याकडे वळवल्याच्या आरोपावरून प्रतिस्पर्धी टाटा इंडिकॉमच्या कर्मचाऱ्यांवर हैदराबादेत गुन्हे दाखल झाले. २००५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने फसवणुकीसारखी कलमे रद्द केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे आणि प्रताधिकार कायद्याचे कलम मात्र ठेवले. हा अंतिम निकाल नव्हता, बऱ्याच गोष्टी खटल्यात ठरायच्या होत्या. पण भांडण दोन कंपन्यांचे होते. ज्याच्या खिशात तो मोबाइल होता, त्याला काय हवे होते, हा प्रश्न त्यात कुठेच केंद्रस्थानी नव्हता.

६५ अ वाचतानाही मला हाच आक्षेप घ्यावासा वाटतो. कायदा वाचकाला मोकळीक देतो, पण ती वापरायची कशी, याबद्दल गप्प राहतो. ‘परिणामकारक’ कुलूप म्हणजे कोणते, याची व्याख्या नाही. कंपनीने किल्ली दिलीच पाहिजे, असे बंधन नाही. गुरुजींच्या बाजूने तर याच कायद्याचे ५२ वे कलम उभे आहे. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात कोणतीही साहित्यकृती करून देण्याची परवानगी त्यात २०१२ पासून आहे. दृष्टिहीनांसाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देशही भारतच, २०१४ साली. एवढे सगळे असून आमच्या आळीतला मोबाइल मुकाच आहे. ज्याला डोळे नाहीत त्याने स्वतः संगणकाचे कुलूप काढावे, अशी अपेक्षा धरल्यासारखे हे झाले.

दुसरी अडचण मुदतीची. प्रताधिकार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे असतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. १ जानेवारी २०११ पासून त्यांचे लेखन सर्वांचे झाले. कोणीही ते छापावे, वाटावे. पण तेच लेखन कुलूपबंद ई-पुस्तकात आले, तर कुलुपाला ती तारीख कळत नाही. नव्या प्रस्तावनेवर नवा हक्क असेल, मूळ मजकुरावर कोणाचाच नाही. तरी कुलूप दोन्हींना सारखेच. हक्काला मुदत आहे, कुलुपाला नाही.

प्रकाशकांची बाजू मी विसरलेलो नाही. नवे पुस्तक बाजारात येते न येते, तोच त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरू लागते, हे मीही पाहतो. छोट्या आवृत्त्या काढणाऱ्या मराठी प्रकाशकाला ते झेपत नाही, आणि लेखकाचे मानधन तर आधीच जेमतेम. पण ज्याने पीडीएफ फिरवली, त्याला हे कुलूप अडवू शकलेले नाही. अडवले आहे ते पैसे देणाऱ्या गुरुजींना.

मग उपाय काय? मला तो ६५ अ मधल्याच एका अटीत दिसतो. कुलूप काढायला दुसऱ्याला मदत करणाराने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवावी, असे कायदा सांगतो. पहिल्यांदा वाचले तेव्हा ही अट धाक घालण्यासाठीच असावी, असे वाटले. मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा असली वही कशाला ठेवील? पुन्हा वाचताना लक्षात आले की, नाव, पत्ता आणि पुस्तक लिहून घेणारी वही महाराष्ट्रात गावोगावी आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली चालणाऱ्या आपल्या वाचनालयांत ती रोज उघडते. नफा न घेता, ओळखीच्या वाचकाला, नोंद करून पुस्तक देणे हेच तर त्यांचे काम.

वाचनालयांनी हे काम अंगावर घ्यावे आणि शासनाने त्यांना तसे लेखी अभय द्यावे. विक्रेत्यांनी दृष्टिहीन वाचकासाठी किल्ली वाचनालयाकडे सोपवावी. केंद्राच्या ग्राहक विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारे, मोबाइल, घरातली उपकरणे, गाड्या होत्या. पुस्तकाचा विचार तिथे होणार नव्हता. तो साहित्य व्यवहारातल्या आपणच मांडायला हवा.

आमच्या वाचनालयाच्या समितीला मी तसे पत्र दिले आहे. दिवाळीनंतरच्या बैठकीत विषय घेऊ, असे कार्यवाह म्हणाले. तोवर मी एक साधी वही आणून रकाने आखले आहेत: नाव, पत्ता, पुस्तक, कारण. पहिल्या ओळीत गुरुजींचे नाव लिहिले. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असे त्यांना विचारले, तर म्हणाले, “लिही, वाचायचंय.”