वेब सर्व्हिसेसचे अध्यापन आणि अनुभवी विद्यार्थी : एक चिकित्सा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टींचा खुलासा करण्याची भारतीय परंपरा जुनी आहे. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी आधुनिक पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनांत कोणत्या ना कोणत्या रूपाने आढळतात. चौथीचा, म्हणजे हा विषय शिकण्यास येणारा विद्यार्थी कोण आणि तो कोणते ज्ञान घेऊन येतो या प्रश्नाचा, विचार मात्र क्वचितच होतो. ‘वाचकास प्रोग्रॅमिंगचा अनुभव असावा’ एवढे एक वाक्य लिहिले की लेखकाचे समाधान होते. वेब सर्व्हिसेस, म्हणजे एका संगणकावरील प्रोग्रॅमने दुसऱ्या संगणकावरील प्रोग्रॅमकडून वेबच्या दळणवळणाच्या नियमांनुसार काम करवून घेण्याची पद्धती, या विषयाच्या अध्यापनात ही उपेक्षा विशेष महाग पडलेली आहे. कारण येथे विद्यार्थ्याचा पूर्वानुभव हे भांडवल आहे तसेच ते ओझेही आहे.

हे ओझे कोणते, ते प्रथम पाहिले पाहिजे. दहा वर्षे प्रोग्रॅमिंग केलेल्या अभियंत्याच्या अंगवळणी पडलेली सर्वांत मूलभूत क्रिया म्हणजे फंक्शनला केलेला कॉल. त्याने काही मूल्ये पाठवावीत, क्षणभर थांबावे आणि उत्तर घ्यावे. बोलावणारा आणि बोलावलेला हे दोघेही एकाच प्रोग्रॅमचे भाग असल्यामुळे त्यांचे जीवित एकत्र बांधलेले असते. प्रोग्रॅम कोसळला तर दोघेही एकदमच कोसळतात. ‘काम झाले की नाही हे ठाऊक नाही’ अशी अवस्था बोलावणाऱ्याच्या वाट्याला सहसा येत नाही. या अनुभवातून दोनच उत्तरांची अपेक्षा मनात घर करून बसते : काम झाले, किंवा काम झाले नाही. नवशिक्याची अशी पक्की अपेक्षा झालेली नसते. अनुभवी माणसाची ती झालेली असते आणि ती वर्षानुवर्षे खरी ठरलेली असल्यामुळे तिच्याविषयी शंका घेण्याचे त्याला कारणच पडलेले नसते.

या अपेक्षेवरच दूरच्या संगणकाशी होणाऱ्या व्यवहाराची उभारणी करण्याचा प्रयत्न बराच जुना आहे. अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दूरस्थ कॉलची रचना सविस्तर मांडली. दूरचा कॉल शक्य तितका जवळच्या कॉलसारखा दिसावा, म्हणजे दळणवळणाच्या कटकटींमुळे अडून बसलेले लोकही असे प्रोग्रॅम लिहू लागतील, असा त्यांचा हेतू होता. हा हेतू सर्वस्वी योग्य होता. तथापि या निबंधाचे खरे मोल त्यातील एका कबुलीत आहे. कॉलचे उत्तर परत आले, तर काम नेमके एकदा झाले असे समजावे. उत्तर न येता दळणवळण तुटल्याची सूचना आली, तर काम एकदा झालेले असेल किंवा मुळीच झालेले नसेल, आणि यांपैकी काय घडले ते बोलावणाऱ्याला कळणार नाही, असे हे लेखक स्पष्ट सांगतात. सारखेपणा कोठे संपतो, ती सीमारेषा त्यांनी स्वतःच आखून दिलेली होती.

वेदान्ताच्या अध्यापनात अध्यारोप आणि अपवाद अशी एक जोडी आहे. शिष्याला समजेल अशी एखादी कल्पना वस्तूवर प्रथम आरोपित करावयाची आणि त्याची बुद्धी स्थिर झाली की ती कल्पना काढून घ्यावयाची, ही ती रीत होय. ‘दूरचा कॉल हा जवळच्या कॉलसारखाच’ हा असाच एक अध्यारोप आहे आणि बिरेल-नेल्सन यांची कबुली हा त्याचा अपवाद आहे. पुढील काळातील अध्यापनाचा दोष असा की, त्याने अध्यारोप तेवढा उचलला आणि अपवाद मागे ठेवला.

या दोषाचा ठळक नमुना २००० नंतरच्या काही वर्षांत पाहावयास मिळतो. सोपच्या १.१ आवृत्तीची टिपणी मे २००० मध्ये आणि सेवांचे वर्णन करणाऱ्या डब्ल्यूएसडीएलच्या १.१ आवृत्तीची टिपणी मार्च २००१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने प्रसिद्ध केली. सोप या नावाच्या पहिल्या अक्षराचा अर्थ ‘साधा’ असा होता. २००३ मधील १.२ आवृत्तीत नावाची ही फोड सोडून देण्यात आली, हे लक्षणीय आहे. याच सुमारास मोठ्या कंपन्यांनी अशी साधने पुरविली की, मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये एखाद्या फंक्शनच्या डोक्यावर एका शब्दाची खूण केली की त्याची वेब सर्व्हिस होई. सेवा वापरणाऱ्याला तिचा पत्ता दिला की त्याच्या प्रोग्रॅममध्ये तिचा प्रतिनिधी आपोआप तयार होई. पहिला पाठ बहुधा दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या सेवेचा असे. विद्यार्थी वर्गातील एकाच संगणकावर सेवा आणि तिचा ग्राहक दोन्ही चालवी, दोन आणि तीन मिळून पाच येत, आणि आपण वेब सर्व्हिस लिहिली अशी त्याची खात्री होई. वास्तविक त्याने काहीच नवे शिकलेले नसे. त्याच्या जुन्या सवयीला फक्त नवे नाव मिळालेले असे.

या पद्धतीचे खंडन ती रूढ होण्यापूर्वीच झालेले होते, हे या इतिहासातील वैचित्र्य होय. सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतील जिम वाल्डो आणि त्यांचे तीन सहकारी यांनी १९९४ मध्ये लिहिलेल्या टिपणात जवळचे आणि दूरचे यांतील चार भेद सांगितले आहेत : विलंब, स्मृतीपर्यंत पोहोचण्याची रीत, अंशतः होणारा बिघाड आणि एककालिकता. यांपैकी विलंब हा केवळ कमीअधिक प्रमाणाचा भेद आहे, तर अंशतः होणारा बिघाड हा जातीचा भेद आहे, असे त्यांच्या विवेचनावरून दिसते. हे टिपण संशोधकांनी वाचले. वर्गात मात्र ते फारसे पोहोचलेले दिसत नाही.

प्रमाणाचा भेदही क्षुल्लक मानण्यासारखा नाही. मुंबई आणि न्यूयॉर्क यांमधील हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर या वेगाने जातो. तेव्हा तार अगदी सरळ रेषेत टाकली तरी जाऊन येण्यास सेकंदाचा आठवा भाग लागणारच. ज्या फंक्शनला जवळून हजार वेळा एकामागून एक बोलावले तर डोळ्याचे पातेही लवत नाही, त्याला इतक्या अंतरावरून तसेच हजार वेळा बोलावल्यास दोन मिनिटांहून अधिक काळ लागतो. यंत्र कितीही जलद केले तरी हा हिशोब बदलत नाही. अनेक लहान प्रश्नांऐवजी एकच मोठा प्रश्न विचारावा, हा सेवेच्या रचनेतील नियम या हिशोबातूनच निघतो. बेरजेच्या पाठातून तो कधीही निघणार नाही.

जातीचा भेद याहून खोल आहे. ग्राहकाने विनंती पाठविली आणि उत्तर आले नाही. याचे अर्थ तीन होऊ शकतात. विनंती वाटेत हरवली असेल, ती पोहोचूनही काम होण्यापूर्वी तेथील यंत्र बंद पडले असेल, किंवा काम पूर्ण होऊन उत्तर तेवढे वाटेत हरवले असेल. बाहेरून तिन्ही अवस्था सारख्याच दिसतात. ‘झाले’ आणि ‘झाले नाही’ यांच्या जोडीला ‘माहीत नाही’ असे तिसरे उत्तर येथे उभे राहते. मुंबईतील नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये सुरू केलेली यूपीआय पद्धती वापरणाऱ्या सामान्य माणसालाही हे तिसरे उत्तर परिचयाचे आहे. खात्यातून रक्कम वजा झाल्याचा निरोप येतो, पण दुकानदाराकडे ती पोहोचल्याची खूण दिसत नाही. पुन्हा पैसे पाठवावेत तर ते दोनदा जाण्याची भीती, न पाठवावेत तर दुकानदार सोडीत नाही. या पेचावरचा उपाय कॉलच्या कल्पनेत सापडत नाही. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकावरून त्याची स्थिती पुन्हा विचारण्याची सोय ठेवावी, या वेगळ्याच विचारातून तो येतो. यूपीआयमध्ये ही व्यवस्था आहे. वर्गात ‘दोन अधिक तीन’ शिकलेल्या अभियंत्याला तिची गरज का पडते हेच प्रथम समजावे लागते.

सोपप्रणीत अध्यापनाला समर्थ पर्याय देणारा ग्रंथ म्हणून लिओनार्ड रिचर्डसन आणि सॅम रुबी यांच्या २००७ मधील ‘रेस्टफुल वेब सर्व्हिसेस’ या पुस्तकाचा उल्लेख केला पाहिजे. रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेस सादर केलेल्या प्रबंधात वेबच्या रचनेमागील तत्त्वांना रेस्ट हे नाव दिले. तो प्रबंध वास्तुरचनेची मीमांसा आहे, पाठ्यपुस्तक नव्हे. त्या मीमांसेचे व्यवहारात रूपांतर करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर या जोडलेखकांकडे जाते. सेवा बांधण्यापूर्वी दुसऱ्याच्या सेवा वापरावयास लावणे, हा त्यांच्या ग्रंथातील क्रम अध्यापनाच्या दृष्टीने अत्यंत शहाणपणाचा आहे. ज्याने परक्याचे दार ठोठावले आहे, त्यालाच आपले दार कसे असावे हे कळते. दुसरे म्हणजे क्रियापदांऐवजी नामांवर भर देऊन त्यांनी कॉलच्या सवयीवर नेमका घाव घातला. गेट, पुट, पोस्ट आणि डिलीट यांसारख्या ठरावीक क्रियांत सर्व व्यवहार बसवावयाचा म्हटला की, मनाला येईल तेवढी फंक्शने लिहिण्याची मुभा संपते आणि विद्यार्थ्याला पुनर्विचार करणे भाग पडते. यांपैकी गेट, पुट आणि डिलीट या क्रिया एकदा केल्या काय किंवा दहादा केल्या काय, त्यांचा अभिप्रेत परिणाम एकच राहतो. पोस्टला अशी हमी नाही. ‘माहीत नाही’ या उत्तरानंतर काय करावे, याचे सूत्र या भेदातच दडलेले आहे.

परंतु ग्रंथाची मर्यादाही येथेच दिसून येते. सेवेची आखणी करण्यासाठी लेखकांनी पायऱ्यांची एक यादी दिली आहे. तीत माहितीचा संच ठरविणे, त्याची विभागणी करणे, नावे देणे अशा क्रमाने चढत जाऊन, काय बिघडू शकेल याचा विचार अगदी अखेरीस येतो. कारागिराला हा क्रम सोयीचा असेल. कॉलच्या दुनियेत वाढलेल्या विद्यार्थ्याला मात्र तो चुकीचा धडा देतो, कारण बिघाड ही शेवटी करावयाची डागडुजी आहे, हीच तर त्याची जुनी समजूत असते. पुनरावृत्तीने परिणाम न बदलण्याच्या गुणाचे विवेचन ग्रंथात आहे आणि ते उत्तम आहे. पण तेथे तो एचटीटीपीच्या क्रियांचा एक गुणधर्म म्हणून येतो, तो गुण ज्या संकटातून जन्मला ते संकट आधी येत नाही. परिणामी पुष्कळ वाचकांनी नामांचे पत्ते कसे लिहावेत हे उचलले आणि त्या पत्त्यांमागे जुनेच कॉल दडविले. फील्डिंग यांनी २००८ मध्ये, दुव्यांचा आधार नसलेल्या कॉलवजा रचनांना रेस्ट म्हणू नये, अशी जाहीर तक्रार केली. ती रचनाकारांविरुद्ध असली तरी तिचा रोख नकळत अध्यापनाकडेही वळतो.

जुनी वृत्ती नष्ट झालेली नाही, ती वेश पालटून येते. सेवेच्या वर्णनावरून ग्राहकाचा प्रोग्रॅम आपोआप तयार करण्याची सोय आज ओपनएपीआयसारख्या वर्णनपद्धतींच्या आधारे पुन्हा सर्वत्र उपलब्ध आहे. गूगलने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या जीआरपीसीने तर दूरस्थ कॉलचे नावही परत आणले. मात्र प्रत्येक कॉलला मुदत घालण्याची सोय त्यात अंगभूत आहे आणि ती वापरावी असा त्याच्या मार्गदर्शनाचा आग्रह आहे. अध्यारोपाबरोबर अपवादाचा काही अंश येथे टिकून राहिला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. साधन जुने की नवे हा प्रश्न गौण आहे. ते अंतर लपवते की दाखवते, हीच खरी कसोटी.

यावर असा आक्षेप संभवतो की, बिघाड झाल्यास विनंती आपोआप पुन्हा पाठविणारी साधने आज उपलब्ध असताना हा सर्व खटाटोप कशासाठी? याचे उत्तर सरळ आहे. पुन्हा पाठविणे यंत्राला जमते. पुन्हा पाठविणे सुरक्षित आहे की नाही, हे त्या क्रियेच्या अर्थावर अवलंबून असते आणि तो अर्थ रचनाकारालाच ठाऊक असतो. पत्ता बदलण्याची विनंती दोनदा गेली तर बिघडत नाही. हजार रुपये पाठविण्याची विनंती दोनदा गेली तर दोन हजार जातात. अर्थ न जाणणारे साधन जितके तत्पर, तितके ते अधिक घातक ठरते.

तेव्हा अनुभवी विद्यार्थ्यासाठी अभ्यासक्रमाचा क्रम उलटा असावा, असा निष्कर्ष निघतो. पहिल्या तासाला चालणारी सेवा न दाखवता तुटणारी सेवा दाखवावी. विद्यार्थ्याने ग्राहक लिहावा, विनंती गेल्यावर शिक्षकाने जोडणी तोडावी आणि ‘काम झाले का?’ एवढाच प्रश्न विचारावा. ‘माहीत नाही’ हे उत्तर विद्यार्थ्याच्या तोंडून प्रामाणिकपणे आले की अर्धा अभ्यासक्रम पार पडला असे समजण्यास हरकत नाही. व्यवहाराचा क्रमांक, क्रियांतील भेद, मुदत, स्थितीची चौकशी या गोष्टी मग त्याला नियम म्हणून पाठ कराव्या लागत नाहीत, त्या त्याच्याच अडचणीची उत्तरे म्हणून त्याला भेटतात. सेवा बांधण्याचा पाठ त्यानंतर यावा. सर्वांत शेवटी, इच्छा असल्यास, अंतर झाकणारी साधने त्याच्या हाती द्यावीत, कारण झाकले काय आहे हे आता त्याला ठाऊक असते.

अनुभवी माणसाला शिकविणे म्हणजे कोऱ्या पाटीवर लिहिणे नव्हे. भरलेल्या पाटीवरील कोणती ओळ पुसावयाची हे ओळखणे हा त्या अध्यापनाचा आरंभ आहे. वेब सर्व्हिसेसच्या पाठ्यपुस्तकांनी आजवर पाटीवरील उरलेल्या जागेत लिहिण्याचेच काम प्रामुख्याने केले. पुसावयाची ओळ कोणती, हे बिरेल-नेल्सन यांनी १९८४ मध्ये आणि वाल्डो यांनी १९९४ मध्ये सांगून ठेवले होते. ते वर्गापर्यंत आणणे हे काम अद्याप शिल्लक आहे.