तेंगेरूचें बालगृह: सणाचा दिवस आणि रोजचा दिवस

अनाथ मुलांच्या वसतिगृहांविषयीं जें वाङ्मय लिहिलें जातें, त्यांत सण फार असतात आणि दिवस थोडे असतात. नाताळचें झाड, बक्षीससमारंभ, पाहुण्यांचें आगमन, मुलांनीं म्हटलेलीं गाणीं यांचीं वर्णनें पानोपानीं आढळतात. परंतु एखाद्या साध्या मंगळवारीं मूल केव्हां उठलें, त्याचे केस कोणीं विंचरले, ताप आला तेव्हां उशाशीं कोण बसलें, याचा पत्ता लागतां लागत नाहीं. याचें कारण शोधावयास दूर जावयास नको. आठवणी लिहिणारास सणच आठवतो आणि अहवाल लिहिणारास सणच दाखवावयाचा असतो. मुलाचें आयुष्य मात्र वर्षांतल्या चार सणांनीं घडत नाहीं. तें उरलेल्या तीनशें साठ दिवसांनीं घडतें. म्हणून बालगृहावरील कोणताहि ग्रंथ हातीं आला म्हणजे त्याला एकच प्रश्न विचारावा असें आम्हांस वाटतें: यांत रोजचा दिवस कोठें आहे, आणि तो कोणाच्या कष्टावर चालला आहे?

ही कसोटी लावून पाहण्याजोगे तीन ग्रंथ एकाच बालगृहाविषयीं उपलब्ध आहेत. तें बालगृह पूर्व आफ्रिकेंतील तेंगेरू येथील पोलिश मुलांचें. पहिला ग्रंथ फादर वुत्स्यान क्रुलिकोव्स्की यांचा. तो पोलिश भाषेंत १९६० सालीं निघाला व १९८३ सालीं ‘स्टोलन चाइल्डहुड’, म्हणजे ‘चोरलेलें बालपण’, या नांवानें इंग्रजींत आला. दुसरा लिन टेलर या इतिहासकार बाईंचा ‘पोलिश ऑर्फन्स ऑफ तेंगेरू’, सन २००९. तिसरा योखेन लिंगेलबाख यांचा ‘ऑन द एजेस ऑफ व्हाइटनेस’, सन २०२०. एक पालकाचा, एक दफ्तर धुंडाळणारीचा आणि एक त्या दफ्तराच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे पाहणाराचा, असे हे तीन ग्रंथ आहेत. त्यांपैकीं कोणताहि एकटा वाचल्यास वाचकाची फसगत होईल, असें आमचें मत आहे.

प्रथम थोडी हकीकत सांगितली पाहिजे. १९३९ च्या सप्टेंबरांत पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीनें व पूर्वेकडून सोव्हिएत रशियानें स्वारी केली. १९४० च्या फेब्रुवारीपासून १९४१ च्या जूनपर्यंत पूर्व पोलंडांतील लक्षावधि लोकांस मालगाड्यांत घालून सायबेरिया, कझाकस्तान इत्यादि प्रदेशांत नेण्यांत आलें. पुढें जर्मनीनें रशियावरच चाल केल्यावर, १९४१ च्या जुलैंत झालेल्या करारानें या लोकांची सुटका झाली, आणि १९४२ सालीं सैन्याबरोबर हजारों स्त्रिया व मुलें कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत उतरलीं. तेथून त्यांची पांगापांग झाली. कोणी न्यूझीलंडास गेले, कोणी मेक्सिकोस, कोणी दक्षिण आफ्रिकेंत औट्सहूर्न येथें. सुमारें अठरा हजार लोक आफ्रिकेंतील वीसहून अधिक वसाहतींत विखुरले. याच लोंढ्यांतील सुमारें पांच हजार माणसें १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडें येथें राहिलीं. तेव्हां हा विषय मराठी वाचकास अगदींच परका नाहीं.

आफ्रिकेंतील सर्व वसाहतींत तेंगेरूची वसाहत मोठी. मेरू पर्वताच्या पायथ्याशीं, आरुशा गांवापासून जवळ, दुलुती नांवाच्या ज्वालामुखीच्या मुखांत सांठलेल्या तळ्याशेजारीं ती वसली होती. गवतानें शाकारलेल्या गोल झोपड्यांच्या रांगा, त्यांमध्यें देऊळ, दवाखाना, शाळा, शेत, आणि एका बाजूस आईबापांवांचून आलेल्या मुलांचें घर, असें तिचें स्वरूप होतें. ‘अनाथ’ हा शब्द येथें जपून वापरला पाहिजे. कांहीं मुलांची आई वाटेंत गेली होती, तर बाप सैन्यांत होता. कांहींचे आईबाप कोठें आहेत हेंच कोणास ठाऊक नव्हतें. मृत्यूची खात्री झालेलें दुःख आणि खात्री न झालेलें दुःख हीं दोन निराळीं असतात. या घरांत तीं एकाच झोपडींत शेजारीं शेजारीं निजत होतीं.

अशा घरांत सणाला केवढें महत्त्व येत असेल, याची कल्पना पोलिश चालीरीति ठाऊक असल्यावांचून यावयाची नाहीं. नाताळच्या आदल्या सायंकाळीं आकाशांत पहिली चांदणी दिसल्यावर पोलिश कुटुंब जेवावयास बसतें. जेवणापूर्वी पातळ पापडीसारखी एक पवित्र पोळी हातोहात फिरते. प्रत्येकजण दुसऱ्याच्या पोळीचा तुकडा मोडून घेतो व शुभ चिंतितो. टेबलावर एक पान अधिक मांडलेलें असतें, तें अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठीं. आतां हाच सण विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या तीन अंशांवर आणून पाहावा. बर्फ नाहीं, देवदार नाहीं. बारा महिने दिवस-रात्र जवळजवळ सारखी, संधिप्रकाश म्हणजे घटकाभराचा खेळ, आणि पहिली चांदणी पाहूं म्हणतां दहा चांदण्या उगवलेल्या! ज्या घरांत प्रत्येक मुलाचें कोणी ना कोणी परतावयाचें राहिलेलें आहे, तेथें त्या रिकाम्या पानाचा अर्थ पाहुण्यापुरता राहत नाहीं. सण हा बालगृहांत केवळ आनंदाचा दिवस नसून तो मोजदादीचा दिवस असतो, हें या साहित्यांतील सर्वांत मोठें सत्य आहे. जो लेखक नाताळाचा केवळ उजेड दाखवितो, त्याला बालगृह कळलेलें नाहीं असें आम्ही समजतों.

क्रुलिकोव्स्की यांस तें कळलेलें आहे. ते स्वतः सायबेरियाची हद्दपारी भोगलेले, सैन्याबरोबर बाहेर पडलेले, बैरुत येथें धर्मदीक्षा घेऊन तेंगेरूस आलेले. मुलांनीं जें सोसलें तें त्यांनीं ऐकून लिहिलेलें नाहीं. म्हणून त्यांच्या ग्रंथांत मुलांविषयींचा कळवळा उसना वाटत नाहीं, आणि हाच त्या ग्रंथाचा थोर गुण आहे. परंतु त्याचा दोषहि याच मुळापासून फुटतो. हा ग्रंथ पालकाचा आहे, तसाच तो वादांतील एका पक्षकाराचाहि आहे.

तो वाद असा. १९४५ च्या जुलैंत ब्रिटननें लंडनांतील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली व वॉर्सा येथील नव्या राजवटीस दिली. तेव्हांपासून तेंगेरूच्या मुलांचा कायदेशीर वाली कोण, हा प्रश्न उभा राहिला. निर्वासितांचा कारभार पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेपुढें तो आला. वॉर्साचें म्हणणें, मुलें राष्ट्राचीं आहेत, तीं परत पाठवा. मुलांच्या संगोपकांचें म्हणणें, ज्या सत्तेच्या मालगाडींतून हीं मुलें निघालीं तिच्याच छायेंत त्यांस पुन्हां कसें पाठवावें? अखेर १९४९ च्या मध्यास सुमारें दीडशें मुलें मोंबासाहून बोटीनें इटलींत, तेथून जर्मनींतून कॅनडास गेलीं. माँट्रियालचे आर्चबिशप शार्बोनो यांनीं त्यांस आश्रय दिला. क्रुलिकोव्स्की त्यांच्याबरोबर गेले व जन्मभर त्यांचे वडील होऊन राहिले. वॉर्सानें हें मुलें पळविणें आहे असा गिल्ला केला व गोष्ट संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत नेली. ‘चोरलेलें बालपण’ हें नांव या पार्श्वभूमीवर वाचलें म्हणजे त्याची धार कळते. ज्यांनीं चोरी केली तेच आम्हांस चोर म्हणतात, असें तें नांव सांगत आहे. मात्र वकिलीच्या आवेशांत मुलांचे रोजचे दिवस पुराव्याचे कागद होऊन बसतात. मूल हंसलें तर तें आमच्याजवळ सुखी होतें म्हणून, आणि रडलें तर रशियाच्या आठवणीनें. मूल कधीं कधीं कांहीं कारण नसतांहि रडतें, याला अशा ग्रंथांत जागा उरत नाहीं.

टेलरबाईंचा ग्रंथ या ठिकाणीं उपयोगी पडतो. त्यांनीं आंतरराष्ट्रीय संघटनांचीं दफ्तरें चाळलीं, मोठ्या झालेल्या मुलांच्या मुलाखती घेतल्या, आणि दोन्ही पक्षांस समतोल तराजूंत घातलें. मुलाचें हित कशांत, हें ठरवितांना अधिकारी किती गोंधळले होते, राष्ट्र, धर्म, रक्ताचें नातें आणि मुलाची स्वतःची इच्छा यांपैकीं कशास अग्रपूजेचा मान द्यावा हें कोणासच कसें ठरवितां येत नव्हतें, याचें त्यांनीं केलेलें निरूपण संयमाचें व म्हणूनच परिणामकारक आहे. या ग्रंथांत कोणी राक्षस नाहीं व कोणी देवदूत नाहीं. थकलेले कारकून आहेत, काळजींत पडलेले पालक आहेत, आणि ज्यांच्याविषयीं एवढा खल चालला आहे तीं मुलें आहेत. उणीव एवढीच कीं दफ्तरांत मूल तेव्हांच शिरतें जेव्हां त्याच्याविषयीं तंटा उत्पन्न होतो. ज्या दिवशीं सर्व सुरळीत चाललें त्या दिवसाची नोंद कोणी ठेवीत नाहीं. रोजचा दिवस येथेंहि निसटतो, फक्त निराळ्या कारणानें.

तो सांपडतो तिसऱ्या ग्रंथांत. आणि सांपडतो तो असा कीं पहिल्या दोन ग्रंथांचीं पानें पुन्हां उलटावीं लागतात. लिंगेलबाख यांचा विषय मुलें नव्हे. वसाहतींच्या राज्यांत हे गरीब गोरे निर्वासित कोणत्या पायरीवर बसविले गेले, हा त्यांचा विषय आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांस भीति होती ती अशी: गोरा माणूस दरिद्री, आश्रित व हातानें राबणारा असूं शकतो हें आफ्रिकी प्रजेस दिसलें तर राज्याचा दरारा कमी होईल. म्हणून या लोकांस वेगळ्या वसाहतींत ठेवलें, आणि त्या वसाहतींत पहारेकरी, मजूर, नोकर म्हणून आफ्रिकी माणसें आलीं. म्हणजे ज्या रोजच्या दिवसाचा आम्ही शोध करीत होतों, त्याच्या दाराशींच तीं उभीं होतीं. एरव्हीं आठवणींच्या साहित्यांत तीं दिसतात तीं पर्वतासारखीं, तळ्यासारखीं, रानांतल्या आवाजांसारखीं; म्हणजे देखाव्याचा भाग म्हणून.

यांत त्या मुलांचा दोष काढणें अन्यायाचें होईल. आफ्रिका म्हणजे काय, हें पोलिश वाचकास आधींच एका पुस्तकानें शिकविलें होतें. हेन्रिक श्येंक्येविच यांची १९११ सालची कादंबरी ‘वाळवंटांत व अरण्यांत’ पोलंडांत घरोघर वाचली जाते. तींत स्ताश व नेल हीं दोन मुलें आफ्रिकेंत हरवतात, पोकळ वृक्षांत घर थाटतात, आणि काली नांवाचा आफ्रिकी मुलगा त्यांची चाकरी करतो. या कादंबरीनें पोलिश भाषेस एक वाक्प्रचार दिला, ‘कालीची नीति’. दुसऱ्यानें कालीच्या गायी नेल्या तर तें पाप. कालीनें दुसऱ्याच्या नेल्या तर तें पुण्य. दुटप्पी न्यायाला पोलिश माणूस आजहि हेंच नांव देतो. गोऱ्यांच्या राज्यांत गोऱ्या लेखकानें हा दुटप्पीपणा काळ्या मुलाच्या तोंडीं घालावा, यांतला विनोद श्येंक्येविच यांच्या लक्षांत आला नसावा.

आमच्या मतें या साऱ्या साहित्याची खरी परीक्षा येथेंच होते. ज्या मेरू लोकांच्या भूमींत तेंगेरूचें बालगृह वसलें होतें, त्यांच्यापैकीं सुमारें तीन हजार माणसांस १९५१ सालीं ब्रिटिश सरकारनें पर्वताच्या पलीकडच्या अंगाला एंगारे नान्युकी येथून, गोऱ्या शेतमालकांस जमीन द्यावयाची म्हणून, घरांतून बाहेर काढलें. १९५२ सालीं त्यांचा प्रतिनिधि किरिलो जाफेट ही फिर्याद घेऊन संयुक्त राष्ट्रसंघापुढें उभा राहिला. तीनच वर्षांपूर्वी ज्या संघापुढें तेंगेरूच्या मुलांचें घर कोणतें हा वाद गेला होता, तोच हा संघ. एकाच पर्वताखालचीं हीं दोन घरें, आणि दोघांचीहि कैफियत एकच: आम्हांस विचारल्यावांचून आमचें घर हलवूं नका. ‘चोरलेलें’ हा शब्द एका घराला लागू पडतो तर दुसऱ्यालाहि पडला पाहिजे. न पडल्यास ती कालीची नीति झाली.

असें म्हणतांना त्या मुलांच्या दुःखाचें मोल कमी करण्याचा आमचा यत्किंचितहि हेतु नाहीं. उलट, तेंगेरूची दफनभूमि आजहि आहे. तिच्यांतील दीडशेंच्या आसपास थडगीं सांगतात कीं कांहीं जणांच्या वाट्यास कॅनडा आला नाहीं, पोलंडहि आला नाहीं. दुःखाची स्पर्धा लावणें हें टीकाकाराचें काम नव्हे. त्याचें काम एवढेंच कीं चित्राच्या चौकटीबाहेर कोण राहिलें तें दाखवावें.

तेव्हां वाचकांस आमची शिफारस अशी. क्रुलिकोव्स्की यांचा ग्रंथ प्रथम वाचावा, कारण प्रेमावांचून हा विषय कळत नाहीं. नंतर टेलरबाईंचा वाचावा, कारण केवळ प्रेमानें न्याय होत नाहीं. लिंगेलबाख यांचा शेवटीं वाचावा आणि तो मिटल्यावर पहिल्या ग्रंथांतील सणांचीं वर्णनें पुन्हां काढावीं. त्यांतील गोडी कमी होणार नाहीं; पण त्या रात्रींचें पाणी कोणीं भरलें असेल, लाकडें कोणीं फोडलीं असतील, हे प्रश्न वाचकाच्या मनांत आपोआप उभे राहतील. वळिवड्याच्या छावणीवर मराठींत जो कोणी लिहील, त्यानेंहि कोल्हापूरच्या त्या नाताळांचें वर्णन करण्यापूर्वी आसपासच्या खेड्यांतून छावणींत रोज कोण येत-जात असे, याचा शोध करावा. बालगृहाचा इतिहास सणाच्या टेबलावरून लिहिला जातो. तो लिहावयास पाहिजे चुलीपासून.