'सायकलची भीती' : डेव्ह हॉर्टन यांच्या मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

सायकल हा समाजशास्त्रीय अभ्यासाचा विषय होण्यास बराच काळ जावा लागला. जॉन अरी यांनी २००४ मध्ये मोटार ही केवळ वस्तू नसून सर्वव्यापी व्यवस्था आहे, असे प्रतिपादन केले. त्यानंतर २००७ मध्ये हॉर्टन, पॉल रोझेन व पीटर कॉक्स संपादित 'सायकलिंग अँड सोसायटी' हा लेखसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील हॉर्टन यांच्या 'फिअर ऑफ सायकलिंग' या लेखाची चिकित्सा येथे केली आहे.

भीतीची घडण

लोक सायकल का चालवीत नाहीत, याचे उत्तर सामान्यतः आळस, पाऊस किंवा चढाव यांत शोधले जाते. हॉर्टन प्रश्नाची दिशाच बदलतात. भीती खोटी आहे, असे ते म्हणत नाहीत. मात्र ती व्यक्तीच्या मनाची दुर्बलता नसून समाजात घडविली जाते, असे ते दाखवितात. रस्ता-सुरक्षेचे शिक्षण, हेल्मेटचा प्रचार आणि रस्त्यापासून दूर नेणारे सायकलमार्ग ही त्या घडणीची तीन साधने होत. मुलांना जपून जाण्यास शिकविताना धोका निर्माण करणारी मोटार गृहीतच धरली जाते आणि सावधगिरीचा सारा भार दुबळ्यावर पडतो. सायकलस्वार रस्त्यावर 'परका' ठरतो तो अशा रीतीने. हे विवेचन लेखातील सर्वांत मोलाचे आहे.

मांडणीच्या मर्यादा

तथापि हेल्मेट व स्वतंत्र मार्ग यांना एकाच पंक्तीत बसविणे पटत नाही. हेल्मेट रस्त्यावरील धोका तसाच ठेवते. नीट बांधलेला मार्ग तो धोकाच कमी करतो. मार्गाविषयीचा हा संशय ब्रिटनमध्ये जुना आहे. १९३४ मध्ये लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूवर सायकलमार्ग सुरू झाला, तेव्हा रस्त्यावरील हक्क जाईल म्हणून सायकलस्वारांच्या संघटनेनेच त्यास विरोध केला होता. त्या परंपरेची छाया हॉर्टन यांच्या लेखावर जाणवते.

पुढे २००८ ते २०११ या काळात लीड्स, लेस्टर, वूस्टर व लँकेस्टर या शहरांत कॉलिन पूली यांच्या नेतृत्वाखाली प्रश्नावली, मुलाखती व कुटुंबांचे निरीक्षण यांद्वारे अभ्यास झाला. त्यावर आधारित २०१३ च्या ग्रंथाच्या लेखकांत हॉर्टनही आहेत. वर्दळीच्या रस्त्यांवर मोटारींपासून पूर्णतः वेगळे सायकलमार्ग असावेत, अशी त्या अभ्यासाची शिफारस आहे. प्रत्यक्ष लोकानुभवापुढे आधीची मांडणी अशी तपासून घेतली जाणे, हे निकोप संशोधनाचे लक्षण होय.

समारोप

हॉर्टन यांचा विचार सायकल सोडलेल्यांचा उलगडा करतो; ती सोडणे ज्यांना परवडत नाही, त्यांचा नाही. एकेकाळी 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात सुरक्षारक्षक वा पेपरवाला भीती असूनही सायकल चालवितो, कारण त्याला दुसरा पर्याय नसतो. त्याच्या संदर्भात भीतीचा प्रश्न हा प्रथमतः विषमतेचा प्रश्न आहे. मराठीत हा सिद्धान्त स्वीकारताना त्यात वर्गाचा हा विचार जोडणे आवश्यक ठरते.