‘रोमकरांस पत्रा’तील देण्याचा विचार

पौलाने इ. स. ५७ च्या सुमारास रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातील पहिली सात वचने, राज्यसत्तेच्या आज्ञापालनाचा उपदेश म्हणून, वेगळी काढून वाचण्याचा प्रघात आहे. तो सदोष होय. सातव्या वचनात कर, जकात इत्यादींस उद्देशून आलेल्या ‘देणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचाच धातू आठव्या वचनात पुन्हा येतो. तेथे प्रीतीखेरीज कोणाचेही देणे राहू देऊ नये, असे सांगितले आहे. कर फेडता येतो, शेजाऱ्यावरील प्रीतीचे ऋण फिटत नाही. नागरिकधर्म हा या ऋणाचाच अंश ठरतो. जर्मनीत १९३४ च्या बार्मेन घोषणापत्राने सर्वंकष सत्तेचा दावा नाकारला, हे त्याचे श्रेय. परंतु त्यात ज्यू शेजाऱ्याविषयी एक शब्दही नाही. सत्तेची मर्यादा जाणणारेही आठव्या वचनापर्यंत पोहोचले नाहीत, असेच म्हणावे लागते.