भांडवलाच्या मागावरची वकिली पेढी : ‘व्हाइट अँड केस’च्या विस्ताराची चिकित्सक समीक्षा

गोषवारा

न्यूयॉर्क येथे १९०१ साली स्थापन झालेल्या ‘व्हाइट अँड केस’ या आंतरराष्ट्रीय लॉ फर्मच्या वाटचालीची समीक्षा प्रस्तुत लेखात केली आहे. ही पेढी कर्जव्यवहारांच्या मागोमाग जगभर पसरली. त्यामुळे भारतातील परदेशी वकिलांचा वाद हा केवळ कार्यालयाच्या परवानगीचा नसून करारावर कोणता कायदा चालतो याचाही आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : लॉ फर्म, सार्वभौम कर्ज, न्यूयॉर्कचा कायदा, अधिवक्ता अधिनियम १९६१, मुंबई उच्च न्यायालय.

प्रस्तावना

वकिली हा स्थानिक व्यवसाय होय. वैद्यकाचे ज्ञान सीमा ओलांडून जसेच्या तसे उपयोगी पडते. कायद्याचे तसे नाही. एका राज्याचा कायदा दुसऱ्या राज्यात परका असतो. असे असतानाही काही वकिली पेढ्या विसाव्या शतकात जागतिक झाल्या. हे कसे घडले, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः संस्थापकांची चिकाटी व दूरदृष्टी असे दिले जाते. हे उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. ‘व्हाइट अँड केस’चे उदाहरण येथे दोन कारणांसाठी निवडले आहे. तिची वाढ टप्प्याटप्प्याने पाहता येते, आणि भारतातील या विषयावरील महत्त्वाच्या न्यायनिर्णयाशी तिचा प्रत्यक्ष संबंध आहे.

१. स्थापना आणि बँकांचा आश्रय

जस्टिन ड्युप्रॅट व्हाइट आणि जॉर्ज केस या दोन तरुण वकिलांनी १ मे १९०१ रोजी प्रत्येकी २५० डॉलर घालून ही पेढी सुरू केली. भांडवल किरकोळ होते, मात्र ओळख मोठी होती. हेन्री डेव्हिसन या बँकरशी असलेल्या संबंधातून १९०३ साली स्थापन झालेल्या बँकर्स ट्रस्ट या संस्थेचे काम पेढीकडे आले. डेव्हिसन पुढे जे. पी. मॉर्गन यांच्या पेढीत भागीदार झाले. पहिल्या महायुद्धात मॉर्गन यांची पेढी ब्रिटन व फ्रान्स यांची अमेरिकेतील खरेदी प्रतिनिधी बनली. १९१५ साली याच पेढीने या दोन देशांसाठी ५० कोटी डॉलरचे कर्ज उभारले. युद्धखरेदीच्या करारांचे कायदेशीर काम ‘व्हाइट अँड केस’कडे आले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ही पेढी आंतरराष्ट्रीय झाली ती परदेशी कायद्याचा अभ्यास करून नव्हे. तिचे अशील आंतरराष्ट्रीय झाले, म्हणून तीही झाली. १९२६ साली पॅरिस येथे तिचे कार्यालय उघडले. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडले व पुढे पुन्हा सुरू झाले.

२. ऋणको राष्ट्रांची वकिली

पेढीच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय कालखंड १९७० च्या दशकात सुरू होतो. १९७५ साली इंडोनेशियाची सरकारी तेल कंपनी पर्टामिना परदेशी बँकांची कर्जे फेडू शकली नाही. या प्रसंगी इंडोनेशियाच्या सरकारने ‘व्हाइट अँड केस’चे साहाय्य घेतले. पुढे तुर्कस्तानच्या कर्ज-पुनर्रचनेतही पेढीने काम केले. १९८० ते २००० या काळात पेढीचे नेतृत्व करणाऱ्या जेम्स हर्लॉक यांनी सरकारांसाठीचे हे काम विस्ताराचे मुख्य साधन बनविले. लंडनचे कार्यालय १९७१ पासून होतेच. १९८९ नंतर पूर्व युरोपात खासगीकरण सुरू होताच प्राग, वॉर्सा, मॉस्को येथे कार्यालये उघडली. आज सुमारे ३० देशांत तिची ४० हून अधिक कार्यालये आहेत.

या पेढीला केवळ सावकारांची वकील म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिने बुडत्या ऋणकोचीही बाजू मांडली. अमेरिकन बार असोसिएशनचे अध्यक्ष झालेले तिचे भागीदार ऑरिसन मार्डन हे गरिबांना कायदेविषयक साहाय्य मिळावे यासाठी आयुष्यभर झटले. तथापि धनको असो वा ऋणको, वाटाघाटींची भाषा मुख्यतः न्यूयॉर्कच्या किंवा इंग्लंडच्या कायद्याचीच राहिली. न्यूयॉर्क राज्याने तर १९८४ साली असा कायदा केला की, अडीच लाख डॉलर वा त्याहून अधिक रकमेच्या करारात पक्षकारांना न्यूयॉर्कचा कायदा निवडता येईल. मग त्या व्यवहाराचा न्यूयॉर्कशी काही संबंध असो वा नसो. ही तरतूद म्हणजे कायद्याची निर्यातच होय. आंतरराष्ट्रीय लॉ फर्म ही त्या निर्यातीची वाहक ठरते.

३. वाढीचे साचे आणि आपल्या पेढ्या

आंतरराष्ट्रीय पेढ्यांच्या वाढीचा एकच साचा नाही. १९४९ साली शिकागोत सुरू झालेल्या ‘बेकर अँड मॅकेन्झी’ने १९५५ मध्ये काराकास येथे पहिले परदेशी कार्यालय उघडले आणि त्या-त्या देशातील वकिलांना सोबत घेऊन विस्तार केला. लंडनची ‘क्लिफर्ड चान्स’ १९८७ साली दोन पेढ्यांच्या विलीनीकरणातून जन्मली. २००० साली तिने अमेरिकन व जर्मन पेढ्यांशी विलीनीकरण केले.

याच्या तुलनेत मुंबईचा विचार उद्बोधक ठरतो. येथील ‘क्रॉफर्ड बेली’ ही सॉलिसिटर पेढी १८३० सालची, म्हणजे ‘व्हाइट अँड केस’हून ७१ वर्षांनी ज्येष्ठ. परंतु कंपनी अधिनियम १९५६ नुसार भागीदारीत २० हून अधिक भागीदार घेता येत नसत, आणि बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात वर्ज्य होती. अमेरिकेत मात्र वकिलांच्या जाहिरातीवरील सरसकट बंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच रद्द ठरविली. आपल्या पेढ्या लहान राहिल्या त्यामागे गुणवत्तेचा अभाव नव्हे, तर वकिली हा व्यापार नव्हे ही धारणा व तिच्यातून आलेली बंधने होती.

४. मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात रिझर्व्ह बँकेने ‘व्हाइट अँड केस’सह तीन परदेशी लॉ फर्मना भारतात संपर्क कार्यालय उघडण्याची परवानगी दिली. ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ या संस्थेने १९९५ साली तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. १६ डिसेंबर २००९ रोजी मुख्य न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार व न्यायमूर्ती जे. पी. देवधर यांच्या खंडपीठाने निर्णय दिला. कोर्टात उभे राहणे एवढीच वकिली नव्हे; सल्ला देणे, करारांचे मसुदे करणे हीदेखील अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २९ मधील वकिलीच होय, असे न्यायालयाने ठरविले. साहजिकच रिझर्व्ह बँकेची परवानगी समर्थनीय ठरली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १३ मार्च २०१८ रोजी ए. के. बालाजी प्रकरणात ही भूमिका मान्य केली. मात्र परदेशी कायद्यावर सल्ला देण्यासाठी अधूनमधून येऊन जाण्यास मुभा ठेवली. बार कौन्सिलने २०२३ साली नियम करून व २०२५ साली ते सुधारून, नोंदणी व परस्परतेच्या अटींवर, न्यायालयाबाहेरील आणि परदेशी कायद्यापुरत्या कामास दार उघडले.

५. चिकित्सा

मुंबईच्या निर्णयाचे मोल वादातीत आहे. ‘व्हाइट अँड केस’ची सव्वाशे वर्षांची वाटचालही हेच सांगते की, पेढीचे सामर्थ्य न्यायालयातील युक्तिवादापेक्षा मसुद्याच्या मेजावर घडले. परंतु हा वाद प्रामुख्याने दाराशी घुटमळला. कोण आत येणार, यावर १४ वर्षे युक्तिवाद झाले. कागदावरून आत येणाऱ्या कायद्याला मात्र दाराची अडचण नव्हती. आंतरराष्ट्रीय करारात पक्षकारांनी स्पष्टपणे निवडलेला कायदा लागू होतो, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ सालीच मान्य केले होते. भारतीय कंपनीने परदेशी बँकेचे कर्ज न्यूयॉर्कच्या कायद्याखाली घेतले, की सल्ला न्यूयॉर्कच्याच वकिलाचा लागतो. त्यासाठी त्याचे कार्यालय मुंबईत असण्याची गरज नसते.

निष्कर्ष

‘व्हाइट अँड केस’चा इतिहास हा दोन होतकरू वकिलांच्या यशाची कथा आहेच; त्याहून अधिक तो एका शहराचा कायदा जगाच्या कर्जरोख्यांत कसा शिरला याचा इतिहास आहे. भारतीय वकिलांचे हित केवळ प्रवेशबंदीने साधणार नाही, तसे केवळ प्रवेश दिल्यानेही धोक्यात येणार नाही. भारतीय कायदा परदेशी पक्षकाराला निवडावासा वाटतो का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर न्यायालयीन विलंब, लवादाची विश्वासार्हता आणि विधी महाविद्यालयांतील अध्यापन यांवर अवलंबून आहे. करार वाचायला शिकवणारे, पण करार लिहायला न शिकवणारे शिक्षण या स्पर्धेत टिकणार नाही. दाराच्या चर्चेइतकीच या उणिवेची चर्चा आता व्हावी, असे सुचवावेसे वाटते.